वेबसाइट, एक नग

चाकणच्या त्या कारखान्याच्या गेटवर आत येणाऱ्या मालाची एक वही असते. तिच्यात नोंद झाल्याशिवाय आत काही जात नाही. पत्रा, ऑइलचे डबे, दिवाळीची मिठाई, सगळ्याला तोच नियम. मी तयार वेबसाइट सोपवायला गेलो त्या सकाळी वॉचमननं मलाही थांबवलं. मराठवाड्याकडचा माणूस, मिशा शिस्तीत आणि बोलणं त्याहून शिस्तीत.

"काय आणलाव?"

"वेबसाइट."

त्यानं माझ्या स्कूटरच्या डिकीकडं पाहिलं, मग पाठीवरच्या बॅगेकडं. "कुठंय?"

"तशी दिसत नाही. इंटरनेटवर आहे. आज ताब्यात द्यायचीय."

"ताब्यात द्यायची म्हणजे मालच की. नग किती?"

मी हसलो. तो हसला नाही. माझ्यामागं कांद्याचा ट्रक आणि कंपनीची बस एकाच वेळी हॉर्न मारत होते, म्हणून मी म्हणालो, एक. त्यानं सावकाश लिहिलं: वेबसाइट, १ नग. गाडी क्रमांकाच्या रकान्यात माझ्या स्कूटरचा नंबर टाकला आणि म्हणाला, "आधी क्वालिटीत दाखवा. ताईंनी पास केल्याशिवाय शेठ हात लावत नाहीत."

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीतला दोषी माणूस मीच आहे. निगडीच्या प्राधिकरणात, फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून मी बारा वर्षं छोट्या कारखान्यांच्या वेबसाइट बनवतोय. भोसरी, चाकण, तळवडे, जिथं पत्र्याची शेड आहे तिथं माझं एखादं गिऱ्हाईक सापडतं. माझ्या कार्डावर छापलंय, 'सुरळीत हस्तांतराची हमी'. ही हमी म्हणजे काय, तर एक तासाचं ट्रेनिंग, ज्यात मालकाला नऊ फोन येतात. मग चाळीस पानांचं मार्गदर्शक, जे आजवर कुणीही उघडलेलं नाही. मग पेढे, एक फोटो, आणि मी मोकळा.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगत नसे. प्रत्येक साइटची एक चावी, म्हणजे पूर्ण अधिकार असलेलं एक खातं, मी गुपचूप स्वतःकडं ठेवायचो. नाव द्यायचो 'सपोर्ट'. कुणाला शंका येऊ नये इतकं मिळमिळीत. गिऱ्हाईक काहीतरी बिघडवतं, मग फोन करतं, मग मी आत शिरून दोन मिनिटांत दुरुस्त करतो आणि त्यांना वाटतं हा माणूस जादूगार आहे. हे सगळं मी त्यांच्या भल्यासाठी करतो असं स्वतःला सांगत आलो होतो. खरं सांगायचं तर आठवडाभर कुणाचा फोन आला नाही की मला घरात करमत नसे. फोन आला की मी वैतागायचो, पण तो वैताग मला फार आवडायचा.

तर शेठ. साठीचे गृहस्थ, तिथल्याच जुन्या गावचे. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी प्रेसची शेड टाकली. गाडीच्या सीटखाली बसतात ते लोखंडी ब्रॅकेट ते बनवतात. अंगात पांढरा सदरा-लेंगा आणि पायात सेफ्टी शूज, असा त्यांचा कायमचा वेश. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि अट सांगितली. दाराशी एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, निळा एप्रन, खिशाला दोन पेनं.

"ह्ये बघा सायेब," शेठ म्हणाले, "ह्या आमच्या ताई. बावीस वर्सं शेवटची तपासनी यांच्याकडं. आता तिथं क्यामेऱ्याचं मशीन बसवलंय, तवा ताईंना तिथं काम न्हाई. ताई म्हन्त्यात, साइट मी सांभाळते. आन आमचं जावई म्हन्त्यात, मी ताथवड्याला कॉम्प्युटर शिकलोय, माझ्याकडं द्या. आता आमी कुनाला न्हाई म्हनायचं?"

मी मान हलवली. जावयाला काहीतरी काम शोधून देणं ही शेठची घरगुती निकड आहे हे चाकणच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

"म्हनून येक म्हैना ठरवलाय. या म्हैन्यात तुमाला येक बी फोन न जाता साइट चालली, तर काम ताईंचं. फोन गेला, तर जावयाचं. मंग ताईंना आपल्याकडं दुसरं काम न्हाई."

हे सगळं ताईंच्या समोर. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. निवृत्तीला सहा वर्षं बाकी होती आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र माझ्या मनात फक्त एक विचार आला की बाई आठवडाभर टिकणार नाहीत. मी नुसता विचार करून थांबलो नाही, मनातल्या मनात त्यांची थोडी कीवही केली.

तपासणीच्या टेबलावर ट्यूबलाइट इतकी खाली टांगलेली होती की माझ्या टकलाला ऊब लागत होती. ताईंनी माझा लॅपटॉप सुट्या भागांसारखा समोर घेतला आणि एक छापील तक्ता काढला. वर 'पार्टचे नाव' होतं, तिथं त्यांनी लिहिलं 'वेबसाइट'. 'मटेरियल' या रकान्यात थोडा विचार करून आडवी रेघ मारली.

"सर, ही उघडते कुठून, ते दाखवू नका. मला सापडतंय का बघते."

पुढचे अडीच तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी प्रत्येक बटण दाबलं. तीन वेगवेगळ्या मोबाइलवर दाबलं. एक मोबाइल इतका जुना होता की त्याच्यावर माझी साइट तिरकी दिसली, आणि मी म्हणालो की असा फोन आता कोण वापरतं. "आमच्या स्टोअरचे भाऊ वापरतात," त्या म्हणाल्या आणि खणातून लाल कार्ड काढलं. कारखान्यात नापास भागाला जे लाल कार्ड दोरीनं बांधतात तेच. लॅपटॉपला बांधायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते स्क्रीनच्या कोपऱ्याला चिकटपट्टीनं लावलं.

दुसरं लाल कार्ड चौकशीच्या फॉर्मला. फॉर्म भरला की तो सरळ माझ्या स्वतःच्या ईमेलवर येत होता, चाचणीसाठी ठेवलेला पत्ता बदलायचा राहिला होता. "म्हणजे ऑर्डर तुम्हाला मिळणार, सर?" तिसरं नकाशाला. नकाशावरची खूण कांद्याच्या मार्केटात पडत होती. तासाभरात माझ्या स्क्रीनभोवती सात लाल कार्डं झुलत होती. मधूनच प्रेसवरचे दोघे डोकावून गेले आणि एकमेकांना "राव, पाव्हणा रिजेक्ट" म्हणून हसले. बारा वर्षांत माझी अशी शोभा कुणी केली नव्हती. मला राग आला होता, आणि त्या रागात जास्त वाटा ताईंचं सगळं बरोबर असण्याचा होता.

मी तिथंच बसून सहा चुका दुरुस्त केल्या. सातवी राहिली, पहिल्या पानावरचा मोठा फोटो. पांढरं हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस हातातल्या दातेरी चाकाकडं बघून हसतोय.

"हा कोण?" ताईंनी विचारलं.

"कुणी नाही. असे फोटो मिळतात. एक वजन येतं साइटला."

"आपण चाकं बनवत नाही. आणि मशीनजवळ हातमोजे नाहीत, बोटात अंगठी आहे. आमच्याकडं हा माणूस पहिल्या दिवशी घरी जाईल."

मी म्हणालो की लोक इतकं बघत नाहीत. त्या म्हणाल्या की माल घेणारे तेवढंच बघतात. शेवटी त्यांनी लाल काढून पिवळं कार्ड लावलं. पिवळं म्हणजे तात्पुरतं चालवून घेतलंय. खाली लिहिलं, 'आपला फोटो येईपर्यंत'. मी ते वाचलं, हो म्हणालो आणि पुढच्या मिनिटाला विसरलो.

मग त्यांनी वही पुढं ओढली. "आता चाव्या. एकूण किती, कुणाकुणाकडं?"

"दोन. एक तुमची, एक शेठची."

"तुमच्याकडं?"

"काही नाही. सगळं तुमच्या ताब्यात."

मी हे इतक्या सहज बोललो की माझा माझ्यावरच विश्वास बसला. त्यांनी लिहिलं, माझी सही घेतली आणि हिरवं कार्ड काढून माझ्या बॅगेच्या चेनला बांधलं. पास. गेटवर वॉचमननं ते बघून पहिल्यांदा मला हात वर करून सलाम केला.

पहिले दहा दिवस फोन आला नाही. बाकीच्यांचे येत होते. भोसरीच्या एका गिऱ्हाइकाची तर साइट त्याच्याच मांजरानं कीबोर्डवर बसून बंद पाडली होती. चाकणहून मात्र काही नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर त्यांची साइट उघडायला लागलो. बायको म्हणाली, तुझ्या जुन्या कॉलेजातली आहे का कुणी तिथं? मी म्हणालो, गप्प बस. ताईंनी नवीन ब्रॅकेटचं पान टाकलं होतं, मापं बिनचूक. सुट्टीची सूचना टाकली आणि सुट्टी संपल्यावर काढलीसुद्धा. गिऱ्हाइकानं सूचना वेळेवर काढलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

अकराव्या दिवशी, जेवण करून सहज साइट उघडली तर गोरा माणूस गायब. त्याच्या जागी एक अंधुक फोटो. ट्यूबलाइटचा पट्टा मधोमध, एका बाईचा हात, हातात ब्रॅकेट, आणि ब्रॅकेट कुठल्याशा लोखंडी साच्यात बसवलेला. नखाला काळं ऑइल लागलेलं.

मी मनाशी म्हणालो, बिचाऱ्या. काहीतरी भलतंच दाबलं गेलं आणि आता फोनही करता येत नाही. नोकरीचा प्रश्न. माझं मन इतकं भरून आलं की मी 'सपोर्ट'च्या चावीनं आत गेलो, हाताचा फोटो काढला आणि गोऱ्या माणसाला परत त्याच्या जागी हसायला बसवलं. दीड मिनिटाचं काम. कुणाला कळणार नाही, बाईंची नोकरी वाचेल, आणि मी नामानिराळा. त्या दुपारी मी गुप्तदान करणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात डाराडूर झोपलो.

तीन दिवसांनी, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. दारात ताई. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं निगडीच्या स्टँडवर उतरल्या होत्या आणि कार्डावरच्या पत्त्यावर विचारत विचारत आल्या होत्या. हातात पिशवी.

"मी फोन केलेला नाही," आत येण्याआधी त्यांनी सांगितलं. "आलेय."

बायकोनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. ताईंनी पिशवीतून एक वही काढली आणि एक जाडजूड बाड. बाड ओळखायला मला वेळ लागला, कारण ते कागदावर मी कधी पाहिलंच नव्हतं. माझं चाळीस पानांचं मार्गदर्शक. छापलेलं, स्पायरल बांधलेलं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं.

"सर, साइटवर मी जे बदलते ते या वहीत लिहिते. काय बदललं, का बदललं, सही. सोमवारी मी पहिला फोटो बदलला. हे बघा. तो परत जुना झाला. त्याची नोंद माझ्याकडं नाही."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"काल मोठ्या कंपनीचे खरेदीवाले साहेब आले होते. शेठनी त्यांना अभिमानानं सांगितलं, आमच्या ताईंनी आपल्या तपासणीचा फोटो टाकलाय, बघा. उघडलं तर हा चाकवाला. साहेब म्हणाले, तुम्ही चाकं कधीपासून बनवायला लागलात? शेठना वाटलं मी काहीतरी घोळ केला आणि निस्तरायला तुम्हाला फोन केला. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग आपोआप झालं का?" त्यांनी वही मिटली. "सोमवारपासून जावई बसणार आहेत. मी घरी."

शेवटचे दोन शब्द त्यांनी मापं वाचून दाखवावीत तशा आवाजात सांगितले. मग बाड उघडलं. "पान एकतीस. 'साइटच्या सर्व वापरकर्त्यांची यादी कशी पाहावी.' तुम्हीच लिहिलंय. मी पाहिली. तीन नावं आहेत. तुम्ही दोन सांगितली होती. हा सपोर्ट कोण?"

ते पान मी बारा वर्षं एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत उतरवत आलो होतो. कुणी वाचेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी सतरंजीखाली जायला तयार होतो. "तू त्यांच्या घराची चावी ठेवलीस, आणि वर नाही म्हणून सही केलीस?" ती म्हणाली. मग ताईंच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. माझ्या पुढ्यात ठेवली नाही.

मी काहीतरी बोललो. चांगल्या हेतूनं, तुम्हाला मदत म्हणून, फोटो चुकून लागला असं वाटलं, वगैरे. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चुकून नाही लागला. तो हात माझाच आहे. ब्रॅकेट ज्याच्यात बसवलाय ते गेज आहे. बसला तर पास. बावीस वर्षं मी तेच केलं. म्हटलं, मशीन आलंय तर निदान फोटोत तरी राहील."

मला लाज वाटली. त्या बाईंना माझी काडीची गरज नव्हती, आणि तीच गोष्ट मला सहन झाली नव्हती. एवढी साधी गोष्ट मला कळायला त्यांना बसनं निगडीपर्यंत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकणला. गेटवर तोच वॉचमन, तीच वही.

"आज काय आणलाव?"

"चावी."

"नग?"

"एक."

त्यानं लिहिलं. मला वाटतं त्याला सगळं ठाऊक होतं.

केबिनमध्ये शेठ, ताई आणि मी. मी घडलं ते सांगितलं, कुठंही गुळगुळीत न करता. चावी ठेवली, खोटं सांगितलं, फोटो मी बदलला, फोन आलाच नव्हता. शेठनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"म्हंजी तुमी आमच्या शेडीत रातंदिस येत-जात व्हता, आन गेटवर नोंद न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. घाबरलो की मी समोरच्यासारखं बोलायला लागतो.

"ह्ये लई वंगाळ केलंत, सायेब." मग ते ताईंकडं वळले. आवाज खाली आला. "ताई, आमचं चुकलं. आमी तुमचं ऐकाया पायजे व्हतं. आता म्हैना पयल्यापास्नं मोजू, चालंल?"

"नाही चालणार, शेठ," ताई म्हणाल्या. "अट फोनची होती. फोन गेलेला नाही. चौदा दिवस झालेत, सोळा राहिलेत."

शेठनी माझ्याकडं पाहिलं, मी शेठकडं. मग शेठ मोठ्यांदा हसले. "लिवा. सोळा."

हस्तांतर पुन्हा झालं. या वेळी ताईंनी यादी स्वतः उघडली, 'सपोर्ट'वर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "काढू?" विचारायची काही गरज नव्हती. मी काढा म्हणालो. नाव गेलं. त्यांनी हाताचा फोटो परत लावला, वहीत नोंद केली, कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाहेरच्या माणसाने बदलला होता'. तिथं माझी सही घेतली. हिरवं कार्ड या वेळी मला मिळालं नाही. मी मागितलंही नाही.

चाकणमध्ये बातमी पसरायला एक चहा पुरतो. पुढच्या आठवड्यात माझ्या एकेका गिऱ्हाइकाचा फोन येऊ लागला. आमची पण चावी आहे का हो तुमच्याकडं? मी हो म्हणालो, गेलो, प्रत्येकाच्या समोर बसून 'सपोर्ट' काढला. दोघांनी शिव्या दिल्या. भोसरीच्या मांजरवाल्यानं मात्र हात जोडले, तेवढी राहू द्या म्हणाला. त्याची तेवढी ठेवली, वहीत लिहून, त्याच्या सहीनं. माझा फोन हळूहळू शांत होत गेला. सवय जाईना म्हणून एकदा मी चाकणच्या साइटवर जुना पासवर्ड टाकून पाहिला. असं कुठलंही खातं नाही, असं तिनं मला सभ्य शब्दांत सांगितलं. तो संदेश मीच कधीतरी लिहिला होता.

मग एका सकाळी चहा घेत असताना फोन वाजला. ताईंचा नंबर. एवढं करून शेवटी फोन केलाच, आता गेली नोकरी, असंच पहिल्यांदा डोक्यात आलं.

"ताई, काय अडलं?"

"काही नाही अडलं, सर. महिना काल संपला. आता फोन करता येतो, म्हणून केला."

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. मी विचारलं, फोटो कसा आहे.

"आहे तिथंच आहे," त्या म्हणाल्या.